तेल परत येतंय का?

"एक थेंबसुद्धा नाही! अरे, एकसुद्धा नाही!" जोसलिन शेडच्या फरशीवर पालथी पडून ओरडली. "हेझेल! कॉलिन! इकडे या, गुन्हा घडलाय!"

"मंगळवारीही घडला होता," कॉलिन झाडू टेकवत म्हणाला. "तो शेवटी आमच्या मांजरानं केलेला निघाला."

"हसू नकोस. हा पुठ्ठा बघ आधी!"

कॉलिन गुडघ्यांवर बसला. मोटारसायकलच्या इंजिनाखाली एक पुठ्ठा अंथरलेला होता. अगदी कोरा.

"कोरा आहे. मग?"

"मग? अरे, ही म्हातारी आहे! ही गळली नाही असा एक दिवस तरी आठवतो तुला?"

कॉलिनचं तोंड उघडंच राहिलं. आस्कबेक गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की मेटकाफांची म्हातारी, म्हणजे ही जुनी मोटारसायकल, गळते. बर्मिंगहॅमच्या कारखान्यातून ती नवी बाहेर पडली तेव्हा हेझेलचे आजोबा तरुण होते, आणि तेव्हापासून ती जिथे उभी राहील तिथे तेलाचा काळा ठिपका ठेवून जायची. चर्चच्या फाटकापाशी ठिपका, शाळेपाशी ठिपका, मिसेस अल्डरसनच्या गुलाबांपाशी ठिपका. गावातल्या जुन्या गाड्यावाल्यांना त्याचं काही वाटत नसे. उलट ठिपका दिसला की आत तेल आहे अशी त्यांची खात्री पटायची आणि ते निवांत चहा प्यायचे.

"म्हातारी मेली वाटतं," कॉलिन म्हणाला, आणि लगेच त्यानं जीभ चावली.

जोसलिननं त्याला कोपरानं ढोसलं. दोघांनी हळूच हेझेलकडे पाहिलं.

हेझेल कोपऱ्यात बसून नट आवळायचे पाने पुसत होती. तिनं मान वर केली. "असं काय बघताय? मला काही वाटलं नाही."

खरंच वाटलं नव्हतं. तीच तर पंचाईत होती. फेब्रुवारीत हेझेलचे बाबा, कीथ मेटकाफ, कामावरून घरी आले, खुर्चीत बसले आणि उठलेच नाहीत. तेव्हापासून सगळं गाव हेझेलच्या रडण्याची वाट बघत होतं. शेजारणी झाकलेली भांडी घेऊन यायच्या आणि तिच्या तोंडाकडे टक लावून बघायच्या. ती 'थँक्यू' म्हणायची, भांडं धुऊन परत करायची. आत काही हलायचंच नाही. दातांचा डॉक्टर सुई देतो तेव्हा गाल असतो, पण तो आपला वाटत नाही. तसं तिचं अंगभर झालं होतं.

"गुन्हाबिन्हा काही नाही," ती म्हणाली. "डेनिसकाकांनी इंजिन उघडलं होतं. गळती बंद केली म्हणत होते."

"बाबांनी शनिवारच्या फेरीसाठी केलंय ते," कॉलिननं छाती फुगवून सांगितलं. डेनिसकाका म्हणजे त्याचे बाबा, गावचे पोस्टमन, आणि हेझेलच्या बाबांचे धाकटे भाऊ. शनिवारी जुन्या मोटारसायकलींच्या क्लबची फेरी ग्रिमसाइडच्या घाटातून जायची होती. कीथ मेटकाफच्या आठवणीसाठी म्हातारीला सगळ्यांच्या पुढे ठेवायचं ठरलं होतं, आणि ती डेनिसकाका चालवणार होते.

जोसलिनचे डोळे बारीक झाले. ती गावच्या पाद्रींची मुलगी. घरात सगळंच पवित्र असल्यामुळे तिला बाहेर सतत पाप दिसायचं. "आणि तो दक्षिणेकडचा व्हॅनवाला? ज्याला म्हातारी विकत हवी होती? मी सांगते, इंजिन बदललंय! खरं इंजिन पळवलं आणि हे दुसरंच बसवलं!"

"माझे बाबा चोर आहेत म्हणतेस?"

"चोर नाही रे! फसवले गेले असतील."

"मग ठीक आहे," कॉलिन म्हणाला. बाबांना फसवणं फारसं कठीण नाही, हे त्याला मान्य होतं.

हेझेल उठली. तिनं न बघता हात इंजिनाच्या मागे घातला. सिलिंडरला बाहेरून पातळ पट्ट्या असतात, त्यातली एक कोपऱ्यात तुटलेली होती. आजोबांच्या हातून सिलिंडर पायरीवर पडला होता, त्याची ती खूण.

"इंजिन आपलंच आहे."

"छे!" जोसलिन फार निराश झाली. "मग गळत का नाही?"

हेझेल वाकून कोऱ्या पुठ्ठ्याकडे बघायला लागली. याचं उत्तर मिळावं असं तिला वाटलं. बऱ्याच दिवसांत तिला काही हवंसं वाटलं नव्हतं, त्यामुळे तिला स्वतःचंच नवल वाटलं.

तेवढ्यात बाहेर शीळ ऐकू आली. डेनिसकाका आले की आधी शीळ यायची, मग पोट, मग काका. त्यांच्यामागे क्लबचे अध्यक्ष मिस्टर फॉसेट होते.

"बघा फॉसेटसाहेब!" काकांनी पुठ्ठा उचलून नाचवला. "एक थेंब नाही! इतकी वर्षं जे कुणाला जमलं नाही, ते तुमच्या पोस्टमननं करून दाखवलं!"

"शाबास!" मिस्टर फॉसेट म्हणाले. गावच्या सभागृहाला त्यांनी नवी लाकडी फरशी करून घेतली होती, आणि फेरीनंतर सगळ्या गाड्या तिथेच मांडायच्या होत्या. "माझ्या फरशीवर डाग पडला असता तर माझ्याशी गाठ होती!"

"आता आवाज ऐका!"

काकांनी गाडी अंगणात काढली आणि किक मारली. पहिल्याच किकला म्हातारी बोलली. तो जाड, सावकाश आवाज अंगणाच्या दगडी भिंतींवर आपटून परत आला. कॉलिननं टाळ्या वाजवल्या.

हेझेलचे पाय आपोआप पुढे गेले. तिनं सीटखालच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं आणि आत डोकावली.

"हे काय करतेयस?" जोसलिननं तिच्या कानात ओरडून विचारलं.

"तेल बघतेय! या गाड्यांचं तेल वेगळ्या टाकीत असतं. पंप ते इंजिनात ढकलतो आणि ओढून परत टाकीत आणतो. परत येताना इथे धार पडताना दिसते. धार दिसली म्हणजे आत तेल फिरतंय!"

हे काम तिचंच होतं. ती इतकी लहान होती की बाबा तिला काखेत धरून उचलायचे, तेव्हापासूनचं. किक मारली की ते विचारायचे, "येतंय का?" आणि ती टाकीत बघून ओरडायची, "येतंय!" त्याशिवाय बाबा हेल्मेटलाही हात लावत नसत. तेल लवकर लवकर बदलायचं, प्रत्येक फेरीनंतर नट हातानं चाचपून बघायचे, चालतंय ते उगाच उघडायचं नाही आणि तेल आल्याशिवाय निघायचं नाही. त्यांची सगळी विद्या एवढीच होती. तेवढ्यावर म्हातारी आजोबांपासून चालत आली होती. एकदाही तिला दोर बांधून घरी ओढत आणावं लागलं नव्हतं.

टाकीतलं तेल आरशासारखं स्थिर होतं.

"काका, येत नाहीये!"

"गार आहे गं अजून! जाड झालंय तेल, येईल!"

"नाही येत! बंद करा!"

काकांनी इंजिन बंद केलं, पण ते आवाज ऐकवून झाला म्हणून. त्यांनी झाकण लावलं आणि हेझेलच्या डोक्यावर टप्पल मारली. "शनिवारी गरम झाली की बरोबर येईल. काळजी करू नकोस."

"बाबा आधी बघायचे."

काकांनी हात मागे घेतला. "कीथ कीथ होता," ते म्हणाले. "आता मी आहे ना?"

"मुलांनी सुट्टीत खेळावं," मिस्टर फॉसेट म्हणाले, "मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नये!"

संध्याकाळी हेझेलनं आईला सांगून पाहिलं. आई चीजच्या कारखान्यातून येऊन स्वयंपाकघरात बसली होती. पुढ्यातला चहा थंड झाला होता. हल्ली तिचे सगळेच चहा थंड व्हायचे.

"आई, म्हातारीच्या इंजिनात तेल फिरत नाहीये."

"डेनिसला सांग."

"सांगितलं. ते ऐकत नाहीत."

"तो आपल्यासाठी किती धावपळ करतोय, हेझेल. त्याला दुखवू नकोस." आईनं कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

जाऊ दे, हेझेलला वाटलं. होऊ दे इंजिन जाम. काय फरक पडतो? मग तिला बाबांनी सांगितलेली गोष्ट आठवली. ग्रिमसाइडच्या उतारावर एका माणसाचं इंजिन तेलाविना जाम झालं. इंजिनाबरोबर मागचं चाकही अडकलं आणि तो दगडी कुंपणावर जाऊन आदळला. तो माणूस अजून काठी घेऊन चालतो. शनिवारी म्हातारीवर डेनिसकाका बसणार होते. हेझेलला भीती वाटली नाही. पण भीती वाटायला हवी, एवढं तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं दोघांना शेडमध्ये बोलावलं.

"कचरा," ती म्हणाली. "काकांनी इंजिन उघडलं, त्याचा सगळा कचरा बघायचाय."

"वा!" जोसलिननं बाह्या सरसावल्या. "पुरावा!"

कचऱ्याच्या डब्यात वर चहापत्ती होती. त्याखाली तेलकट चिंध्या आणि सगळ्यात तळाशी पातळ पुठ्ठ्याचं एक पाकीट. त्याच्या मधोमध एक वेडावाकडा आकार कापून काढलेला होता.

"आमचं कॉर्नफ्लेक्सचं पाकीट!" कॉलिन ओरडला. "तरीच! आईला सगळे कॉर्नफ्लेक्स पातेल्यात ओतलेले सापडले. तिनं मला धू धू धुतलं! मला!"

"हा पंपाचा आकार आहे," हेझेल म्हणाली. "काकांनी पॅकिंग कापलंय."

पंप जिथे इंजिनाला टेकतो तिथे फटीतून तेल गळू नये म्हणून मध्ये कागदाचं पॅकिंग घालावं लागतं. दुकानात मिळतं, पण आस्कबेकमध्ये ते विकत आणणाऱ्याला लोक हसत. सगळे न्याहारीच्या पाकिटातूनच कापायचे. हेझेलचे बाबाही.

"म्हणजे गुन्हा फक्त कॉर्नफ्लेक्सचा," जोसलिन उसासा टाकून म्हणाली.

पण हेझेल कामाच्या टेबलावर वाकली होती. पंच नावाच्या हत्यारानं भोकं पाडली की कागदाच्या गोल टिकल्या पडतात. त्या तिथेच पडल्या होत्या. तिनं त्या बोटानं एकेक करून बाजूला सरकवल्या. "या मोठ्या. बोल्टच्या भोकांच्या." मग तिनं टेबल झाडलं. टेबलाखालची फरशी झाडली. पंचच्या डबीतही बघितलं.

"काय शोधतेयस?"

"बारीक टिकल्या. पंपाला तेलाची बारीक भोकं असतात. एकातून तेल आत जातं, दुसऱ्यातून परत येतं. पॅकिंगलाही तिथे भोकं पाडावी लागतात."

"उडाल्या असतील वाऱ्यानं," कॉलिन म्हणाला.

"मोठ्या राहिल्या आणि नेमक्या बारीक उडाल्या?"

 मग कॉलिननं कपाळावर हात मारला.

"रविवार! मी बॅटरी धरून उभा होतो! बाबा भोकं पाडत होते, रेडिओवर क्रिकेट चाललं होतं. इंग्लंडची विकेट पडली आणि बाबा रेडिओकडे धावले. बराच वेळ शिव्या दिल्या त्यांनी. परत आले, पॅकिंग उचललं आणि सरळ बसवून टाकलं!"

"बारीक भोकं न पाडता!" जोसलिन किंचाळली.

"म्हणजे कागदानं तेलाची वाटच बंद केलीय," हेझेल म्हणाली. "तेल आत जातच नाही, तर गळणार कुठून?"

तिघंही धावत सुटले. डेनिसकाका पत्रं वाटत टेकडीवरच्या शेतघरापाशी पोचले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरून हसले.

"अगं, मी तुझ्याएवढा होतो तेव्हापासून पॅकिंग कापतोय! भोकं विसरीन मी? आणि आता सगळं पुन्हा उघडू? शनिवार तोंडावर आलाय!"

"बाबा, विकेट पडली होती तेव्हा..." कॉलिननं सुरुवात केली.

"त्या विकेटचं नाव काढू नकोस!" काका म्हणाले आणि सायकलवर टांग टाकून निघून गेले.

चर्चच्या कुंपणावर बसून तिघांनी ओट्सचे गोड तुकडे खाल्ले आणि डोकं चालवलं.

"टायरमधली हवा सोडू!" कॉलिन म्हणाला.

"पंप काय फक्त इंजिनाला असतो? ते हवा पुन्हा भरतील," हेझेल म्हणाली.

"मग पेट्रोलमध्ये साखर घालू!"

"इंजिन वाचवायला इंजिनच मारायचं? धन्य आहेस!" जोसलिन म्हणाली. "किल्ली लपवू."

"म्हातारीला किल्ली नाहीच," हेझेल म्हणाली. ती समोरच्या थडग्यांकडे बघत होती. बाबांचं त्यातलं शेवटचं, अजून दगड न बसवलेलं. "ते माझं ऐकणार नाहीत. तुमचंही नाही. पण बाबांचं ऐकतील."

कॉलिन आणि जोसलिन एकमेकांकडे बघायला लागले.

"जोस, फेरीआधी तुझे बाबा गाड्यांसाठी प्रार्थना म्हणतात ना?"

"दरवर्षी. आणि दरवर्षी फार लांबवतात."

"या वर्षी त्यांना थोडी आणखी लांबवायला सांग."

मग तिनं बेत सांगितला. ऐकता ऐकता जोसलिनच्या हातातला तुकडा खाली पडला.

"हेझेल मेटकाफ," ती म्हणाली, "तू भयंकर आहेस!"

शनिवारी गावच्या हिरवळीवर मेंढ्यांना हाकलून मोटारसायकली उभ्या केल्या होत्या. बेकन तळल्याचा वास सुटला होता. चहाच्या भांड्यापाशी रांग होती. सगळ्यात पुढे पुसून लखलखीत केलेली म्हातारी, आणि शेजारी नव्या पांढऱ्या मफलरमध्ये डेनिसकाका. त्यांच्यामागे मिसेस अल्डरसन होत्या. त्यांच्या साइडकारमध्ये कुत्रा बसला होता, त्यालाही चष्मा लावलेला होता. हेझेलची आई गर्दीच्या कडेला हाताची घडी घालून उभी होती.

पाद्रींनी प्रार्थना म्हटली. मग ते घसा खाकरून म्हणाले, "आज आपण कीथच्या आठवणीसाठी निघतोय. कीथ गाडी सुरू केल्यावर काय करायचा, सगळ्यांना ठाऊक आहे. टाकीत तेल परत येताना दिसल्याशिवाय तो निघायचा नाही. तर मुलांनी मला एक गोष्ट सुचवली, आणि मला ती फार आवडली. आज प्रत्येकानं तसंच करायचं. गाडी सुरू करा, झाकण उघडा, तेल दिसलं की 'येतंय' म्हणा. मागच्या रांगेपासून सुरू करू. कीथची गाडी शेवटी."

"वा! फार छान!" मिस्टर फॉसेट म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

नाही म्हणायची कुणाची टाप होती? डेनिसकाकांनी मुलांकडे पाहिलं. मुलं आभाळाकडे बघत होती.

मागच्या रांगेत पहिली किक बसली. एक इंजिन धडधडलं आणि एक जाडा आवाज आला, "येतंय!"

"येतंय!" त्याच्या शेजारून.

"येतंय!" "येतंय, येतंय!" रांगेमागून रांग हाक पुढे येत होती. काही आवाज नीट निघत नव्हते. एक दाढीवाला माणूस तर टाकीत डोकं घालून बराच वेळ तसाच वाकून राहिला. हेझेल सगळ्यांकडे बघत होती. तिला वाटलं, हे सगळे रडू शकतात. किती बरं आहे त्यांचं.

"येतंय!" मिसेस अल्डरसन खणखणीत ओरडल्या. कुत्रा भुंकला.

आता म्हातारी. काकांनी किक मारली, म्हातारी बोलली. त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं. सगळी हिरवळ त्यांच्याकडे बघत होती. काका पाहतच राहिले. त्यांची मान हळूहळू लाल झाली.

"येतंय!" ते एकदम ओरडले आणि त्यांनी झाकणाला हात घातला.

हेझेल पुढे झाली आणि तिनं टाकीच्या तोंडावर हात ठेवला.

"काका," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "बाबांनी धार न दिसता असं कधी म्हटलं असतं का?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा टाकीत पाहिलं.

"डेनिस!" मिसेस अल्डरसन गरजल्या. "येतंय की नाही?"

काकांनी इंजिन बंद केलं. मागच्या गाड्याही एकेक करून बंद झाल्या. "नाही," काका म्हणाले. "नाही येत."

मग काय, सगळी मंडळी म्हातारीभोवती गोळा झाली. मिसेस अल्डरसननी साइडकारमधून कुत्रा उतरवला आणि त्याच्या सीटखालून हत्यारं काढली. झाकणं निघाली, पंप निघाला. पंपामागे चिकटलेलं पॅकिंग काकांनी सुरीनं सोडवून उजेडात धरलं. बोल्टची भोकं होती, मोठी आणि नीट. जिथून तेल जायचं तिथे नुसता पुठ्ठा, आणि त्यावर छापलेली पिवळी धम्मक कणसं.

"विकेट!" कॉलिन कुजबुजला.

"नशीब समज, फारशी चालवली नाहीस," मिसेस अल्डरसन पंपात बोट फिरवत म्हणाल्या. "आत जुन्या तेलाचा ओलावा आहे. पण घाट? घाटाच्या माथ्यापर्यंतही पोचला नसतास. आणि माथ्यावर पोचला असतास, तर उतारावर तुझं काय झालं असतं ते मी बोलत नाही."

काका मटकन गवतावर बसले. त्यांनी मफलरनं डोळे पुसले. "मला वाटलं, काहीतरी करावं," ते म्हणाले. "त्याच्यासाठी काहीतरी करावं. नुसतं बसवत नव्हतं मला." मोठा माणूस असा सगळ्यांसमोर रडताना कॉलिननं पहिल्यांदा पाहिला. तो जाऊन बाबांना चिकटून बसला.

"नवं कापायला हवं," मिस्टर फॉसेट म्हणाले. "कोण कापतंय?"

"मी," हेझेल म्हणाली.

कुणी हसलं नाही. चहावाल्या बाईंनी बिस्किटांचं पाकीट रिकामं करून दिलं. हेझेलनं पुठ्ठा पंपावर धरला आणि छोट्या हातोडीनं कडेकडेनं हलके टोले मारत गेली, बाबा मारायचे तसे. धातूची धार कागदावर उमटत गेली. मोठ्या टिकल्या पडल्या, मग बारीक पडल्या. जोसलिननं त्या तळहातावर झेलल्या आणि पुरावा म्हणून खिशात टाकल्या.

पंप बसला, झाकणं बसली. काकांनी किक मारली. म्हातारी बोलली, आणि सगळे टाकीकडे वळले.

हेझेल टाकीत बघत होती. तेल स्थिर होतं. अजून स्थिर. मग नळीच्या तोंडाशी एक बुडबुडा फुटला, तेल उडालं, थांबलं, पुन्हा उडालं आणि धार लागली.

तिनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला. गर्दी वाट बघत होती.

"येतंय!" मागून कुणीतरी ओरडलं. आई होती. ती हेझेलच्या खांद्यावरून टाकीत बघत होती. "हेझेल, येतंय गं!"

मग जो गलका झाला तो पार ग्रिमसाइडपर्यंत ऐकू गेला असेल! मिसेस अल्डरसननी जोसलिनची पाठ इतक्या जोरात थोपटली की ती चार पावलं पुढे गेली. पाद्री आपल्या मुलीकडे बघून म्हणाले, "मला वापरून घेतलंस तर!" आणि मग हसून म्हणाले, "पुढच्या वर्षीही वापर." मिस्टर फॉसेट हेझेलसमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी चक्क टोपी काढली.

"मी तुला नाक खुपसू नकोस म्हटलं होतं," ते म्हणाले. "तू नाक खुपसलं नसतंस, तर आज एक इंजिन गेलं असतं आणि एक माणूसही. यापुढे क्लबची कुठलीही फेरी तू टाक्या बघितल्याशिवाय निघणार नाही. आणि माझी फरशी गेली खड्ड्यात, पडू देत डाग!"

"थँक्यू," हेझेल म्हणाली. सगळे तिचं कौतुक करत होते आणि ते तिला लांबून ऐकू येत होतं.

डेनिसकाकांनी मफलर काढून खिशात कोंबला आणि मागच्या सीटवर हात आपटला. "बस. तुझ्याशिवाय मी ही गाडी हलवणार नाही."

हेझेलनं आईकडे पाहिलं. आईनं स्वतः तिच्या हेल्मेटचा पट्टा बांधला.

म्हातारी पुढे आणि बाकी सगळे मागे, अशी फेरी निघाली. गाव संपलं, दगडी कुंपणं मागे पडली, घाटाचा चढ लागला. हेझेल काकांच्या पाठीला गाल टेकवून इंजिन ऐकत होती. कुठे खटखट येतेय का, दम लागतोय का. काही नव्हतं. आजोबांनी ऐकला आणि बाबांनी ऐकला, तोच आवाज, सावकाश चढत होता. तो आवाज होता आणि बाबा नव्हते. हे तिला फेब्रुवारीपासून ठाऊक होतं, पण आत्ता ते तिच्या छातीत घुसलं, आणि इतकं दुखलं की तिनं काकांचं जाकीट दोन्ही मुठींत धरलं.

काकांना पाठीवरचे हुंदके जाणवले. त्यांनी वेग कमी केला. "हेझेल? रडतेयस?"

"हो!"

"थांबवू का गाडी?"

"नको!" ती वाऱ्यावर ओरडली. "काका, थांबवू नका! चालू दे!"

काकांनी गिअर बदलला, आणि म्हातारी चढ चढत राहिली.